डोंगर साक्षीला आहे का? खाणगावांची जुनी छायाचित्रे आणि पोस्टकार्डे : नवोदितांसाठी

गोव्याच्या डिचोली, सांगे, केपे आणि धारबांदोडा या तालुक्यांतील पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. त्यात लग्नाच्या फोटोंखाली खाणीवरचे दोन-चार फोटो दबलेले असतात : डोक्यावर मातीच्या पाट्या घेऊन ओळीने चाललेल्या बायका, नव्या ट्रकसमोर उभे राहिलेले आजोबा, धक्क्याला लागलेली बार्ज, म्हणजे खनिज वाहणारी सपाट बुडाची मोठी होडी. असा डबा उघडल्यामुळे, किंवा अमेरिकेतील एखाद्या डोंगरी खाणगावाचे शंभर वर्षांपूर्वीचे पोस्टकार्ड हाती आल्यामुळे ज्यांना या विषयाची ओढ लागली आहे आणि सुरुवात कोठून करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी राहतो त्या डिचोली परिसरातील फोटो आणि कोलोराडोतील खाणगावांची पोस्टकार्डे असे दोन संग्रह मी बाळगून आहे. ते शेजारी ठेवून पाहिल्यामुळेच एक गोष्ट मला कळली आणि पुढची सारी कृती तिच्याभोवती फिरते.

कोलोराडोसारख्या ठिकाणी खाणी बहुतेक भूमिगत होत्या. माणसांनी डोंगराच्या पोटात बोगदे आणि उभ्या विहिरी खणल्या, चांदी-सोने काढले आणि धातूचा भाव पडल्यावर ती निघून गेली. लाकडी घरे कोसळली किंवा जळाली, पण डोंगराची कडा जशीच्या तशी राहिली. म्हणून तिथला फोटो ओळखताना सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे क्षितिजावरची डोंगररेषा. गोव्यात लोहखनिज उघड्या खाणीतून, पायऱ्यापायऱ्यांनी कापत काढले गेले. इथे घरे, देऊळ, तळी जागेवर राहिली आणि डोंगर नाहीसा झाला. तेव्हा फोटो हाती आला की आधी विचारायचा प्रश्न असा : या ठिकाणी काय टिकले असेल आणि काय टिकणे शक्यच नाही? याचे उत्तर न शोधता जो फोटोला नाव देतो, तो हमखास चुकतो. मीही चुकलो होतो, ती हकीकत पुढे येईलच.

पहिली पायरी : एकच गाव धरा

नवखा माणूस दिसेल ते जमवतो आणि वर्षभराने त्याच्याकडे दोनशे कार्डे असतात, पण एकाविषयीही त्याला चार वाक्ये सांगता येत नाहीत. म्हणून आरंभी एकच गाव निवडावे. परदेशातील निवडायचे असेल तर कोलोराडोतील लेडव्हिल, सिल्व्हरटन किंवा क्रिपल क्रीक सोयीचे आहे, कारण त्यांची छायाचित्रे भरपूर आहेत आणि त्यांच्या इतिहासातील तारखा पक्क्या आहेत. वेगळे काही हवे असेल तर चिलीच्या अँडीज पर्वतातील सेवेल हे तांब्याच्या खाणीचे गाव पाहावे. दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, उतार इतका तीव्र की गावात रस्तेच नव्हते, सगळा व्यवहार पायऱ्यांवरून चाले. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. गोव्यातील गाव घ्यायचे असेल तर आपले स्वतःचे किंवा आजोळचे घ्यावे. ज्या गावात आपल्याला दारात बसवून पाणी विचारतात, त्या गावाचे फोटो आपल्याला वाचता येण्याची शक्यता सर्वांत जास्त.

दुसरी पायरी : हातात नेमके काय आहे ते ओळखा

दहापट मोठे दाखवणारे, घड्याळदुरुस्तीवाले वापरतात तसे भिंग घ्या. या छंदातील पहिली खरेदी तीच असावी. कार्डाचा सावलीचा भाग भिंगाखाली धरला की तीनपैकी एक गोष्ट दिसते. रंग सलग, विनाठिपका, धुरासारखा उतरत गेलेला असेल तर तो खरा फोटो आहे, म्हणजे निगेटिव्हवरून थेट फोटोच्या कागदावर काढलेली प्रत. ओळीने मांडलेले ठिपके दिसले तर ते छापखान्यातील हाफटोन चित्र आहे, आजच्या वर्तमानपत्रातील फोटोसारखे. ठिपके नाहीत, पण वाळूसारखे किंवा अळ्यांसारखे वेडेवाकडे कण दिसले तर कोलोटाइप किंवा दगडी छपाईचा प्रकार असण्याचा संभव मोठा.

हा भेद का महत्त्वाचा? खऱ्या फोटोचे पोस्टकार्ड अनेकदा गावातल्याच छायाचित्रकाराने दहा-वीस प्रतींत काढलेले असते, त्यामुळे त्यात दुकानाच्या पाटीवरचे अक्षरही भिंगाखाली वाचता येते. छापील कार्ड हजारोंनी निघे आणि भिंगाखाली त्यातले अक्षर ठिपक्यांत विरघळते. शिवाय पहिल्या महायुद्धापूर्वीची रंगीत कार्डे मोठ्या प्रमाणात जर्मनीत छापली जात, आणि रंग भरणाऱ्या कारागिराने ते गाव पाहिलेलेही नसे. तेव्हा कार्डातले निळे आकाश, गुलाबी ढग आणि हिरवा उतार यांवर विश्वास ठेवू नये. खाणगावाभोवतीचे उतार तर बहुधा उघडेबोडकेच असत, कारण झाडे खाणीच्या आधाराचे खांब, घरे आणि भट्ट्यांसाठी तोडली गेलेली असत.

मापही पाहावे. नेहमीचे पोस्टकार्ड साधारण ९ बाय १४ सेंटिमीटरांचे असते. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साधारण ११ बाय १६.५ सेंटिमीटरांचा फोटो म्हणजे कॅबिनेट कार्ड. तसाच, पण जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन चित्रांची जोडी असलेला आडवा पुठ्ठा म्हणजे स्टिरिओ कार्ड, ज्यात विशिष्ट चष्म्यातून पाहिल्यावर चित्राची खोली दिसते. पुठ्ठ्यावरचा कागद अगदी पातळ आणि उजळ भाग पिवळसर पडलेला असेल तर तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला अल्ब्युमेन कागद, म्हणजे बहुतेक एकोणिसाव्या शतकातील. गडद भागांवर कडेने आरशासारखी चांदीची झाक आली असेल तर तो जिलेटिनचा फोटो. ही झाक पुसायची नसते. ती घाण नव्हे, फोटोतलीच चांदी वर आलेली असते.

तिसरी पायरी : आधी मागची बाजू

चित्र मोह घालते, म्हणून मी कार्ड हाती आले की ते मुद्दाम उलटे ठेवतो. पोस्टकार्डाचा जन्म १८६९ मध्ये ऑस्ट्रियात झाला, ब्रिटिश हिंदुस्थानात ते १८७९ मध्ये आले. आरंभी मागची संपूर्ण बाजू फक्त पत्त्यासाठी असे आणि मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीने लिहावा लागे. मग मागच्या बाजूला मधोमध रेघ येऊन डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता अशी सोय झाली. ब्रिटनने ती १९०२ मध्ये दिली, अमेरिकेने १९०७ मध्ये. म्हणून मागे रेघ नसलेले अमेरिकी कार्ड साधारणपणे १९०७ पूर्वीचे धरता येते.

अमेरिकेतील खऱ्या फोटोच्या कार्डांवर तिकिटाच्या चौकोनात कागद बनवणाऱ्याचे नाव असते. त्यातले ‘एझो’ हे नाव वारंवार भेटते. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांतील त्रिकोण वर टोक केलेले असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला, दोन वर आणि दोन खाली असतील तर १९१८ ते १९३० च्या सुमाराचा. ही खूण कागदाची तारीख सांगते, फोटोची नव्हे, हे विसरू नये.

पोर्तुगीज गोव्यातील कार्डांना तिकिटे आणि शिक्के उत्तम साक्ष देतात. राजा कार्लुश पहिला १९०८ मध्ये मारला गेला, त्याच्यानंतर मानुएल दुसरा गादीवर आला आणि ऑक्टोबर १९१० मध्ये राजेशाहीच संपली. त्यामुळे राजाचा चेहरा असलेल्या तिकिटावर आडवा ‘रेपुब्लिका’ हा शब्द छापलेला दिसला, तर ते तिकीट प्रजासत्ताक आल्यानंतरचे. किंमत रेइश, तांगा किंवा रुपिया यांत असेल तर कार्ड जुन्या चलनाच्या काळातील, एस्कुदो-सेंतावोत असेल तर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून १९६१ पर्यंतच्या थोड्या वर्षांतले. शिक्क्यात ‘नोव्हा गोवा’ दिसले तर गोंधळू नये, ती आपली पणजीच.

चौथी पायरी : तीन तारखा वेगळ्या लिहा

प्रत्येक कार्डाला तीन तारखा असतात : फोटो काढल्याची, कार्ड छापल्याची आणि ते टपालात पडल्याची. त्यांत पंधरा-वीस वर्षांचे अंतर सहज असू शकते. विल्यम हेन्री जॅक्सन या छायाचित्रकाराचे उदाहरण घ्या. त्याने १८७० आणि १८८० च्या दशकांत रॉकी पर्वतात मोठमोठ्या काचेच्या निगेटिव्ह काढल्या आणि १८९७ मध्ये तो त्या निगेटिव्हसकट डेट्रॉइट येथील प्रकाशन कंपनीत गेला. मग त्याच जुन्या चित्रांवरून रंगीत छापील प्रती आणि पोस्टकार्डे विसाव्या शतकातही निघत राहिली. म्हणजे १९०८ चा शिक्का असलेल्या कार्डावरचे गाव १८८५ चे असू शकते. (हाच जॅक्सन १८९५ मध्ये जगभरच्या रेल्वेमार्गांची पाहणी करणाऱ्या एका मंडळाबरोबर हिंदुस्थानातही फिरून गेला होता. त्याचे तेव्हाचे फोटो अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या संकेतस्थळावर पाहता येतात.)

म्हणून वहीत तीन रकाने आखावेत आणि जो माहीत नाही तो कोरा ठेवावा. कोरा रकाना पुढे भरता येतो. अंदाजाने भरलेला रकाना मात्र काही दिवसांनी आपल्यालाच खरा वाटू लागतो.

पाचवी पायरी : कॅमेरा कोठे होता?

आता चित्राकडे वळावे. मधल्या माणसांकडे न पाहता आधी वरची कडा पाहावी. लेडव्हिलचे उदाहरण शिकायला चांगले आहे. गावाच्या पश्चिमेला माउंट मॅसिव्ह आणि माउंट एल्बर्ट ही रॉकी पर्वतातील सर्वांत उंच शिखरे आहेत. मुख्य रस्त्याच्या फोटोत घरांमागे ती दिसली की कॅमेरा पश्चिमेकडे तोंड करून होता हे ठरले. मग सावल्या पाहाव्यात : त्या आपल्याकडे येत असतील तर सूर्य समोर, म्हणजे दुपारनंतरची वेळ. आंतरजालावरील नकाशांत आता जमिनीच्या उंचसखलपणासह दृश्य फिरवून पाहता येते. त्यात त्या गावात ‘उभे’ राहून डोंगररेषा जुळेपर्यंत जागा सरकवीत जावे. एका फोटोला दोन संध्याकाळी लागतात, पण कॅमेऱ्याची जागा सापडली की उरलेल्या शंका पटापट सुटतात.

डोंगररेषा जागा सांगते, काळ सांगायला माणसांनी बांधलेल्या वस्तू लागतात. सिल्व्हरटनला रेल्वे जुलै १८८२ मध्ये पोहोचली, तेव्हा रूळ दिसणारा फोटो त्यापूर्वीचा नाही. क्रिपल क्रीक एप्रिल १८९६ च्या शेवटच्या आठवड्यात दोन आगींत जवळजवळ सगळे जळाले आणि विटांनी पुन्हा बांधले गेले, म्हणून तिथे लाकडी दुकानांची रांग असेल तर फोटो आगीपूर्वीचा आणि विटांच्या दोन-तीन मजली इमारती असतील तर नंतरचा, असा पहिला तर्क करता येतो. लेडव्हिलमध्ये १८९६ च्या हिवाळ्यात बर्फाच्या लाद्यांचा एक प्रचंड महाल बांधला होता आणि मार्चअखेर तो बंद झाला. तो ज्या फोटोत आहे त्याची तारीख तीन महिन्यांत बसते. त्यामागची परिस्थिती माहीत असली तर त्या फोटोकडे पाहण्याची नजरच बदलते : १८९३ मध्ये अमेरिकी सरकारने चांदीची ठरावीक खरेदी थांबवली, चांदीचा भाव कोसळला, खाणी बंद पडू लागल्या, आणि निघून चाललेल्या गावाने पाहुणे यावेत म्हणून बर्फ रचला.

खाणीच्या वास्तूही ओळखू याव्या लागतात. उभ्या विहिरीवरचा लाकडी किंवा लोखंडी मनोरा, ज्यावरच्या चाकावरून दोर खाली जातो. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले मोठे छप्पर म्हणजे खनिज दळण्याची गिरणी, कारण माल वरून आत टाकला की तो वजनानेच एकेका यंत्राकडे खाली येई. डोंगरावरून खाली येणारी तारांची रेघ म्हणजे दोरावर चालणाऱ्या बादल्या. बोगद्याच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरलेला फिकट ढीग म्हणजे टाकाऊ दगड, आणि त्याच गावाचे दोन फोटो असतील तर त्या ढिगाचा आकार कोणता फोटो आधीचा हे सांगतो. जमिनीखालचे फोटो दुर्मिळ असतात, कारण तिथे उजेडच नव्हता. टिमोथी ओसलिव्हन याने १८६७-६८ च्या सुमारास नेव्हाडातील कॉमस्टॉक खाणीत मॅग्नेशियमची तार जाळून त्या प्रकाशात फोटो काढले. खाणीच्या आतले ते अगदी आरंभीचे फोटो होत.

सहावी पायरी : गोव्याचा फोटो असेल तर उलट दिशेने चला

इथे माझी चूक सांगतो. घरातल्या एका फोटोत मजुरांच्या मागे एक गोलसर टेकडी होती. माझ्या ओळखीच्या एका गावामागे तशीच, दाट झाडीची टेकडी आज उभी आहे. मी आकार जुळवला, गावाचे नाव पक्के केले आणि चार वर्षे तेच सांगत राहिलो. मग त्या गावातल्या एका वृद्ध आजींना फोटो दाखवायला गेलो, तेव्हा त्यांनी आधी फोटो पाहिलाच नाही. मी बोटाने दाखवलेल्या टेकडीकडे पाहून त्या म्हणाल्या, “पुता, हो दोंगर न्हय, डंप हो.” खाणीतून काढून टाकलेल्या मातीचा तो ढीग होता, त्यावर पुढे अकेशियाची झाडे लावली गेली आणि तीस-चाळीस वर्षांत ती टेकडी होऊन बसली. माझ्या फोटोतला डोंगर खरा होता. मी ज्याच्याशी तो जुळवला, तो फोटो काढला तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

तेव्हापासून गोव्याच्या खाणपट्ट्यातला फोटो मी तळापासून वाचतो. डोंगररेषा सोडून द्यायची आणि पाणी व दगड शोधायचे : नदीचे वळण, जुना बांध, साकव, देवळाची दीपमाळ, कपेलाचा (छोट्या चर्चचा) दर्शनी भाग, वाड्याचा जांभ्या दगडाचा जिना. शिरगावसारख्या गावात श्री लईराईचे देऊळ आणि त्याचा परिसर हा असा खुंटा आहे, त्यावरून बाकीच्या दिशा लावता येतात. देऊळही जुने तेच आहे का, हे मात्र विचारून घ्यावे. एक तर जीर्णोद्धारात दर्शनी भाग बदललेला असतो. दुसरे म्हणजे देऊळ स्वतःच हलू शकते. सांगे तालुक्यातील कुर्डी गाव साळावली धरणात गेले, तेव्हा तिथले प्राचीन महादेवाचे देऊळ दगड दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारले गेले. आज ते जिथे आहे तिथून जुन्या फोटोतल्या दिशा लावू गेल्यास सगळेच चुकेल.

काळ ठरवायला आपल्याकडच्या खुणा पुष्कळ आहेत. पोर्तुगिजांचा वसाहतींसाठीचा खाणविषयक कायदा १९०६ चा, पण मोठ्या प्रमाणात निर्यात सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानी गिऱ्हाइकांमुळे, १९५० च्या दशकात. त्यामुळे पाट्या, फावडी आणि माणसांच्या रांगा असा फोटो असेल तर तो बहुधा यंत्रे येण्यापूर्वीचा किंवा त्या आरंभीच्या वर्षांतला. फलकांवर पोर्तुगीज मजकूर असेल तर बहुधा डिसेंबर १९६१ पूर्वीचा. ट्रकच्या क्रमांकाची सुरुवात ‘जीडी’ने होत असेल तर गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश असतानाची नोंदणी. घटक राज्य १९८७ मध्ये झाले आणि त्यानंतर ‘जीए’ आले. जुनी गाडी जुन्याच क्रमांकाने धावत राहते, हे लक्षात ठेवून या खुणेवर एकटीवर विसंबू नये.

मांडवीतल्या बार्जांच्या फोटोंना पूल तारीख देतात. पणजीजवळ नदीवर पूलच नसेल तर फोटो १९७० च्या आधीचा. त्या सुमारास झालेला नेहरू पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला आणि नवा पूल १९९२ मध्ये सुरू झाला, तेव्हा तुटलेल्या पुलाचे खांब आणि शेजारून जाणारी बार्ज असा फोटो असेल तर तो या मधल्या वर्षांतला. उंच तारांचा अटल सेतू दिसला तर २०१९ किंवा त्यानंतरचा. रेल्वेचे तसेच. मुरगाव बंदर ते कॅसलरॉक हा मार्ग १८८० च्या दशकात पोर्तुगिजांच्या हद्दीत ब्रिटिश कंपनीने बांधला. दूधसागरच्या पुलाची पोस्टकार्डे त्यामुळे तुलनेने जुनी आणि पुष्कळ मिळतात. सावर्डे-कुडचडे स्थानकावरचे फोटो पाहताना रूळ अरुंद आहेत की रुंद हे पाहावे, कारण रुंद रूळ १९९० च्या दशकात आले.

आणि बंद खाणीचे फोटो. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजचे (खाणपट्ट्यांच्या परवान्यांचे) नूतनीकरण न्यायालयाने रद्द केल्याने मार्चपासून पुन्हा सगळे ठप्प झाले. रस्त्याकडेला ओळीने उभे, वेली चढलेले ट्रक हा त्या काळाचा फोटो आहे, आणि तोही आता जुना होऊ लागला आहे. तो मोबाइलमध्येच राहू देऊ नये. चांगल्या कागदावर छापून, मागे ठिकाण आणि तारीख लिहून याच संग्रहात ठेवावा.

सातवी पायरी : फोटो घेऊन माणसांकडे जा

मूळ फोटो बरोबर नेऊ नये, मोठी प्रत न्यावी. वयस्कर माणसांना पोस्टकार्डाएवढे चित्र दिसत नाही आणि ती संकोचाने तसे म्हणतही नाहीत, म्हणून ए-थ्री आकाराची छापील प्रत उत्तम. “हे कोण?” असा प्रश्न आधी विचारू नये, कारण नाव आठवले नाही की माणूस ओशाळतो आणि गप्प होतो. “तुम्ही या जागी उभे असता तर तुमचे घर कुठल्या हाताला आले असते?” असे विचारावे. वाट आठवली की माणसे आपोआप आठवतात. बायकांना वेगळे, निवांतपणे विचारावे. कामावर कोण कुठल्या वाड्यावरून येई, पाटीमागे मोजणी कशी होई, दुपारचे जेवण कोठे होत असे, ही माहिती मला बहुतेक त्यांच्याकडूनच मिळाली आहे.

घरच्यांना विचारल्याशिवाय बोलणे ध्वनिमुद्रित करू नये आणि फोटोतल्या माणसांची नावे सर्वत्र टाकू नयेत. खाणीवरून गावागावांत वाद झाले आहेत, काही घरांत ते अजून ताजे आहेत. नाव वहीत असावे, प्रसिद्ध करायचे की नाही ते त्या घराने ठरवावे.

आठवी पायरी : पावसाळ्यापूर्वीची तयारी

परदेशी पुस्तकांतले जतनाचे नियम आपल्या हवेला पुरत नाहीत. फोटोंसाठी ३० ते ५० टक्के आर्द्रता चांगली मानतात, आपल्याकडे जुलैत ती ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते, आणि साधारण ६५ च्या वर गेली की बुरशीला रान मोकळे होते. म्हणून मे महिन्यातच काम उरकावे. ऊन थेट लागणार नाही अशा कोरड्या खोलीत डबा उघडून फोटो दिवसभर मोकळे ठेवावेत. खाणपट्ट्यातल्या घरांत एक जादा संकट असते ते तांबड्या धुळीचे. ती लोखंडाची आहे आणि बारीक कण काचपेपरसारखे ओरखडतात, म्हणून फोटो कधीही फडक्याने पुसू नये. कॅमेऱ्यासाठी मिळते ती रबरी फुंकणी आणि मऊ केसांचा कुंचला एवढेच वापरावे.

मग प्रत्येक फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटात किंवा पॉलिस्टर अथवा पॉलिप्रोपिलीनच्या पारदर्शक खोळीत घालावा. नवीन असताना उग्र वास येणारे मऊ प्लॅस्टिक बहुधा पीव्हीसी असते, ते फोटोला चिकटते. पाकिटे घट्ट बंद होणाऱ्या डब्यात ठेवून त्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी त्या बदलाव्यात किंवा तापवून पुन्हा कोरड्या कराव्यात. डबा बाहेरच्या भिंतीला लागून, जमिनीवर किंवा देवघराच्या धुराजवळ नसावा. डांबराच्या गोळ्या फोटोंच्या डब्यात टाकू नयेत. सेलोटेप, लॅमिनेशन आणि बॉलपेन या तीन गोष्टींनी मी पाहिलेल्या संग्रहांचे जितके नुकसान केले तितके वाळवीनेही केलेले नाही. मागे लिहायचेच असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने.

बुरशी आलीच तर ओल्या बोळ्याने पुसण्याची घाई करू नये, त्याने ती फोटोच्या थरात रगडली जाते. सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकू द्यावे आणि मग तोंडाला मास्क लावून घराबाहेर कुंचल्याने झटकावे. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, काचेसकटच स्कॅन करावा. ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम असतील, तर दात साफ करण्याचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवीत तो सोडवता येतो. सुटत नसेल तर तिथेच थांबावे.

नववी पायरी : स्कॅन आणि नोंद

पोस्टकार्ड ६०० पीपीआयवर (दर इंचाला ६०० पिक्सेल), लहान फोटो १२०० वर, रंगीत पद्धतीनेच स्कॅन करावा. काळा-पांढरा फोटो रंगीत का, तर डागांचा आणि कागदाचा रंगही पुरावा असतो. मागची बाजू तितक्याच काळजीने करावी. मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवून तिला हात लावू नये, उजळ करणे, कापणे वगैरे दुसऱ्या प्रतीवर करावे. कृत्रिम बुद्धिमत्तेने रंगवलेली किंवा ‘स्वच्छ’ केलेली प्रत संग्रहात मूळ म्हणून कधीही ठेवू नये, कारण ती नसलेल्या खिडक्या आणि चेहरे भरते. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी, एवढे पथ्य पाळले तर पुरे.

नोंदीत कोणाकडून फोटो मिळाला, कॅमेऱ्याची जागा आणि दिशा, तीन तारखा, आणि प्रत्येक विधानापुढे ते कशावरून म्हटले हे लिहावे : ‘शिक्का’, ‘पूल’, ‘आजींनी सांगितले’. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा, कारण नंतर कोणी दुरुस्ती करायची म्हटली तर नेमके काय तपासायचे ते त्याला कळते.

खरेदी आणि धुंडाळणे

विकत घेण्याआधी फुकट पाहावे. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे डेट्रॉइट कंपनीच्या पंचवीस हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आणि पारदर्शिका आहेत, आणि कोलोराडोच्या खाणगावांसाठी डेन्व्हरच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा संग्रह मोठा आहे. हे सारे घरबसल्या चाळता येते. गोव्याबाबत पणजीतील पुराभिलेख खाते आणि पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय इथे जुनी वर्तमानपत्रे आणि प्रकाशने पाहण्याचा अर्ज करावा. फोटो मिळाला नाही तरी बातमीतून पूल, धक्का किंवा कारखाना केव्हा सुरू झाला ते मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या गोव्याच्या फोटोंवर ‘सोझा अँड पॉल’ या पणजीच्या स्टुडिओचे नाव भेटले तर ते पान सावकाश पाहावे.

विक्रेत्याकडून घेताना अंधारात अतिनील किरणांची छोटी बॅटरी कार्डावर धरावी. साधारण १९५० नंतरच्या अनेक कागदांत चमक आणणारे द्रव्य असते आणि तो निळसर पांढरा उजळतो. १९०५ चे म्हणून विकले जाणारे कार्ड असे उजळले तर ते नंतरचे पुनर्मुद्रण समजावे. कोपरे दुमडलेले, शिक्का पडलेले, मागे मजकूर लिहिलेले कार्ड स्वस्त मिळते. नवख्याने तेच घ्यावे, कारण कोऱ्या सुंदर कार्डापेक्षा त्याच्याकडे सांगण्यासारखे जास्त असते.

एखाद्या घरातून फोटो उसना आणला असेल, तर स्कॅन करून तो पावसाला सुरुवात होण्यापूर्वी परत करावा, नव्या पाकिटात घालून, आणि सोबत एक मोठी छापील प्रत द्यावी. त्या आजींच्या घरी मी दिलेली प्रत आता ओसरीवर लावलेली आहे. येणारा-जाणारा तिच्यासमोर थांबतो, बोट ठेवतो, आणि दर खेपेला माझ्या वहीत एखादा रकाना भरतो.